सोंग वठले का? : शहापूर-मुरबाडच्या प्रेक्षकाचे नाट्यमत

रविवारच्या वर्तमानपत्रातले नाटकांच्या जाहिरातींचे पान एकदा नकाशा म्हणून वाचून पाहावे. गिरगावचा साहित्य संघ, दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत, पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास, ठाण्याचे गडकरी आणि घाणेकर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले, कल्याणचे अत्रे. आणि मध्य रेल्वेच्या बाजूने पान तिथे संपते. गाडी मात्र संपत नाही. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी ती पुढे जातच राहते. मुंबईहून कल्याण साधारण ५४ किलोमीटर. कल्याणहून कसारा त्याहून लांब, ६७ च्या घरात. म्हणजे उपनगरी रेल्वेच्या या मार्गाचा निम्म्याहून अधिक भाग नाटकाच्या नकाशावर नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणहून तीसेक किलोमीटर रस्ता, आणि पुढे तोच रस्ता टोकावड्यावरून माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात उतरतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांविषयी नाट्यसमीक्षेने आजवर काही म्हटलेले नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. पाणी उतारावरून खाली जाते ते समजते. नाटक वर का चढत नाही, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारलेला नाही.

या लेखाचा विषय ‘नियमित प्रेक्षक’ हा आहे. हा शब्दप्रयोग आपण ज्या सहजतेने करतो त्यात एक गृहीतक दडलेले असते. नियमित प्रेक्षक म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी तिकीट काढून नाट्यगृहात बसणारा, शक्यतो तीच रांग पसंत करणारा, मध्यंतरात बटाटेवडा खाताना पहिल्या अंकाविषयी मत देणारा आणि जमल्यास ते मत वर्तमानपत्राला लिहून कळवणारा गृहस्थ. आपल्या समीक्षेने त्याला दोन नावे दिली आहेत: कौतुक करायचे असेल तेव्हा ‘रसिक’ आणि पदर पसरायचा असेल तेव्हा ‘मायबाप’. दोन्ही नावांत त्याचे मत काय आहे हे ऐकून घेण्याची गरज उरत नाही. या व्याख्येने पाहिले तर शहापूर-मुरबाडमध्ये नियमित प्रेक्षक मूठभरच सापडतील: शिक्षक, बँकेतले आणि पंचायत समितीतले कर्मचारी, निवृत्त झालेली काही जोडपी. पण नियमितपणा तिकिटांऐवजी पंचांगावर मोजला तर चित्र बदलते. पौषात म्हशाची यात्रा, शिमग्यानंतर आदिवासी पाड्यांवरचा बोहाडा, चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, मध्येच हरिनाम सप्ताहातली कीर्तने. या साऱ्याला वर्षानुवर्षे न चुकता हजर राहणारा माणूस आयुष्यात जितक्या रात्री प्रयोगासमोर घालवतो, तितके प्रयोग दादरच्या हौशी रसिकाच्याही खात्यावर नसतील. त्याला प्रेक्षक न म्हणण्याचे कारण एकच: त्याचे मत आपल्याला वाचता येत नाही.

ते वाचायचे कसे, याची एक वाट जुन्याच ग्रंथात आहे. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय सिद्धीविषयी, म्हणजे प्रयोग साधला की नाही हे ठरवण्याविषयी आहे. तिथे प्रेक्षकाच्या मताची जी चिन्हे मोजली आहेत त्यांत विवेचन कुठेच नाही. स्मित, अर्धे हसू, मोठे हसू, ‘साधु’ असा उद्गार, ‘अहो’ असा उद्गार, हळहळ, एकदम उठलेला कल्लोळ ही वाणीची चिन्हे. अंगावरचे रोमांच, जागेवरून उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र किंवा अंगठी नटाला देणे ही शरीराची. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांच्या यादीत वारा आहे, आग आहे, पाऊस आहे, हत्ती आहे, साप आहे. हा अध्याय शिकवताना आपण तो इतिहास म्हणून शिकवतो. म्हशाच्या माळावर पौषातल्या रात्री कनातीत शिरणारा वारा, ढोलकीच्या तोड्याला उडणारे फेटे आणि दौलतजादा पाहिला की तो अध्याय प्रचलित कायद्यासारखा वाटू लागतो. (हत्ती तेवढा सोडून द्यावा. बैल मात्र भरपूर.)

म्हसा हे मुरबाड-कर्जत रस्त्यावरचे गाव. पौष पौर्णिमेपासून तिथे म्हसोबाची, म्हणजेच खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, शेतीची अवजारे, पाळणे, मिठाई आणि तमाशाचे तंबू. ठाणे आणि रायगड या दोन्ही बाजूंची माणसे इथे उतरतात. तमाशाचा भूगोल नाटकाच्या भूगोलापेक्षा वेगळा असतो, हे इथे स्पष्ट दिसते. नाटकाच्या दृष्टीने मुरबाड हे कल्याणच्या पलीकडचे टोक. तमाशाच्या दृष्टीने ते माळशेजच्या अलीकडचे अंगण, कारण घाट चढून ओतूरमार्गे गेले की नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्याच.

सुपारी आणि तंबू हे तमाशाचे दोन व्यवहार आहेत आणि प्रेक्षकाचे मत दोन्हींत निरनिराळ्या रीतीने उमटते. तंबूच्या तमाशात तिकीट काढून आत जायचे असते. तिथे मत देणारा एकेकटा असतो आणि मत ताबडतोब मिळते. शेजारच्या फडाची हलगी जोरात वाजली आणि इकडे गौळण लांबली, तर माणसे उठून निघून जातात. यात्रेत दोन तंबू लागले असतील तर ही तुलना रात्रभर चालते. सुपारीच्या तमाशात तिकीट नसते. गावाने वर्गणी काढून फड आणलेला असतो, त्यामुळे मत गावाचे असते आणि ते उशिरा मिळते: पुढच्या वर्षी याच फडाला बोलवायचे की नाही. या दोन टोकांमध्ये आणखी एक प्रसंग असतो, तो म्हणजे दुसऱ्या दिवशीची हजेरी. रात्री दिव्यांच्या झगमगाटात जे पाहिले तेच कलावंत आता सकाळच्या उन्हात, रंग अर्धा उतरलेला, डोळे तारवटलेले, पुन्हा उभे राहतात. नागर रंगभूमीवर याला समांतर असे काही नाही. प्रयोगाच्या दुसऱ्या सकाळी नटाने प्रेक्षकाच्या दारी उभे राहायचे ही कल्पना शिवाजी मंदिरात कुणाला सुचणार नाही. हजेरीत कला पाहिली जाते तशी कलावंताची दमणूकही पाहिली जाते, आणि काही जण तिचाही आनंद घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. या प्रेक्षकाला पुढे काय होणार हे ठाऊक असते. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवणार आणि मावशी फिरकी घेणार. कृष्ण शेवटी वाट देणार हेही ठरलेले. वगाचे कथानक हंगामागणिक नवे असेल, पण त्यातला राजा, प्रधान आणि सोंगाड्या ओळखीचे असतात. नव्या नाटकाची चर्चा करताना ‘कथा सांगू नका’ अशी ताकीद आपण एकमेकांना देतो, कारण उत्कंठा हीच आपल्या नाट्यानुभवाची किल्ली झाली आहे. ज्याला कथा आधीच ठाऊक आहे त्याच्यापाशी ही किल्ली निरुपयोगी ठरते. मग तो कशावर लक्ष ठेवतो? या मावशीने तीच कोटी कुठे तोडली यावर. बतावणीत आपल्या गावच्या रस्त्याचा, आपल्या सरपंचाचा उल्लेख किती चटकन आला यावर. ढोलकी आणि पाऊल एकाच क्षणी पडले की एक मागे राहिले यावर. हे प्रयोगाचे परीक्षण आहे, आणि संहितेचे परीक्षण करणाऱ्या आपल्या बहुसंख्य नाट्यसमीक्षेपेक्षा ते रंगभूमीच्या अधिक जवळ आहे असे मला वाटते. आपण नाटक पाहून येतो आणि कथानकाचा सारांश लिहितो. शेवटच्या परिच्छेदात ‘नेपथ्य आणि प्रकाशयोजना विषयाला पूरक’ असे म्हणून मोकळे होतो. असला प्रेक्षक तो शेवटचा परिच्छेद रात्रभर जगत असतो.

बोहाड्यात ही दृष्टी आणखी तीक्ष्ण होते. जव्हार-मोखाड्यात बोहाड्याचा बोलबाला अधिक, पण शहापूर तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातही तो आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर यांच्या गावांत रात्री मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर मुखवट्यांची सोंगे निघतात. आधी गणपती आणि शारदा, मग रामायण-महाभारतातले देव-दैत्य, आणि पहाटेकडे देवी आणि महिषासुराचे युद्ध. रंगमंच नाही. दुतर्फा माणसे बसलेली असतात, मधून सोंग नाचत जाते आणि परत येते. चेहरा लाकडी किंवा कागदाच्या लगद्याच्या मुखवट्याआड गेलेला, बहुतेक सोंगांना संवाद नाहीत. अभिनयाला उरतात खांदे, गुडघे आणि पाऊल. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याने घ्यायचे असा परंपरेने ठरलेला मान असतो, आणि मुखवटा घरात जपून ठेवलेला असतो. याचा समीक्षेच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. समोरून येणारा रावण कोणत्या घरातला आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याच्या बापाने, आज्याने हेच सोंग कसे नाचवले होते तेही आठवत असते. पदन्यासाची तुलना पिढ्यांशी होते. संगीत नाटकाचा जुना श्रोता एकच पद तीन गायकनटांकडून ऐकलेले असल्याच्या जोरावर मत देई. बोहाड्याचा प्रेक्षक एकाच मुखवट्याच्या तीन चाली पाहिलेल्या असल्याच्या जोरावर देतो. दोघांची रीत एकच. एकाला आपण दर्दी म्हणतो आणि दुसऱ्याला भाविक.

अशा प्रेक्षकाचे मत शब्दांत उतरते तेव्हा ते फार थोड्या शब्दांत उतरते, पण ते शब्द नीट ऐकले तर त्यांत एक पूर्ण शब्दसंपदा सापडते. ‘सोंग वठले’ हा त्यातला सर्वांत मोलाचा. ‘वठणे’ म्हणजे वाळणे, तसेच ठसा नीट उठणे. नाणे किंवा छाप वठते तसे सोंग वठते. त्यात नटाने भूमिका ‘जगली’ असा दावा नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या एका आकृतीचा ठसा या देहावर स्वच्छ उमटला की नाही, एवढीच विचारणा आहे. ‘भूमिकेशी एकरूप झाला’ या आपल्या पठडीतल्या वाक्याशी हे ताडून पाहावे. एक वाक्य नटाच्या मनाविषयी बोलते, जे कुणालाच दिसत नाही. दुसरे दिसणाऱ्या आकृतीविषयी. तसेच ‘रंगला’ आणि ‘पडला’. फड रंगतो, वग पडतो. रंगण्यात पाहणाऱ्यांचाही वाटा असतो, म्हणून ‘आज रंगला नाही’ या निकालात थोडे आत्मपरीक्षणही असते. आणि ‘रात्र गेली’ हा एक. ती सुखाने गेली की फुकट गेली, हे फक्त स्वरावरून कळते.

इथवर वाचून हा लेख ग्रामीण प्रेक्षकाचे गोडवे गाण्यासाठी लिहिला आहे असे वाटू नये, म्हणून यातली काळी बाजूही मांडली पाहिजे. या प्रेक्षागृहात बसायला सगळ्यांना सारखी जागा कधीच नव्हती. तमाशाच्या कनातीत बायका नसतात. घरंदाज बाईने तमाशा पाहायचा नाही हा संकेत अजून पुरता ढिला झालेला नाही. म्हशाच्या यात्रेला बाई जाते, नवस फेडते, भांडी घेते, मुलांना पाळण्यात बसवते आणि रात्र पडायच्या आत घरी परतते. तंबूतली ‘जाणकारी’ ही पुरुषांची जाणकारी आहे. दुसरे, फडावर उभे राहणारे कलावंत बहुतांशी दलित आणि भटक्या जातींतून आलेले आणि समोर बसलेला, सुपारी देणारा गाव बहुतांशी शेतकरी जातींचा. दौलतजादा हे नाट्यशास्त्रातल्या वस्त्रदानाचे रूप आहे असे म्हणणे सोपे आहे; पण नोट दाखवून नाचणारीला जवळ बोलावण्याच्या त्या खुणेत वस्त्रदानाचे औदार्य नसते. विठाबाईंची एक हकिकत नेहमी सांगितली जाते: दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मध्येच पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. कलावंताच्या निष्ठेची कथा म्हणून ती सांगतात. मला त्यात प्रेक्षक दिसतो. आधी, पोट दिसत असूनही लावणीची वाट पाहणारा; नंतर, काय घडले ते कळल्यावर हात जोडून ‘बाई, आता पुरे’ म्हणणारा. हे दोघे एकच. समीक्षेने या माणसाला निव्वळ रसिक किंवा निव्वळ रांगडा ठरवले तर ती दोन्हीकडून चुकते. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई २००२ साली गेल्या तेव्हा त्यांच्या शेवटच्या दिवसांतली हलाखी हाच बातम्यांचा विषय होता.

या विषमतेवर आतूनच उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला तो आंबेडकरी जलशांनी. कसारा घाटाच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसे उभे केले. तमाशाचा साचा घेतला, आशय बदलला. पण बदलला त्याहून जास्त प्रेक्षक. जो कालपर्यंत दुसऱ्याच्या जत्रेत कडेला उभा राहून पाहत होता तो आता आपल्या वस्तीत पुढे बसून पाहू लागला, आणि त्याच्या बायकाही बसल्या. नियमित प्रेक्षकाचा इतिहास लिहायचा झाला तर हे एक स्वतंत्र प्रकरण होईल.

बायका नाटकापर्यंत पोचल्या त्या दुसऱ्या वाटेने. ती वाट कल्याणची. शहापूर-मुरबाडमधून अत्रे रंगमंदिरात येणाऱ्या प्रेक्षकांत बायकांचा वाटा नजरेत भरतो. बचत गट, शिक्षिकांचा चमू, दोन-तीन शेजारणींनी मिळून केलेली जीप. त्यांच्यासाठी रविवार दुपारचा प्रयोग हाच प्रयोग. रात्री साडेआठला सुरू होणारे नाटक अकराच्या पुढेमागे संपते. त्यानंतर कल्याण स्थानक गाठायचे, कसाऱ्याकडे जाणाऱ्या उरल्यासुरल्या गाडीची वाट पाहायची, आसनगावला उतरून तीनेक किलोमीटरवरच्या शहापूरला जायला रिक्षा शोधायची. आणि मुरबाडच्या माणसाला तर तेवढीही सोय नाही. दुसरा अंक सुरू झाला की हा प्रेक्षक घड्याळाकडे पाहू लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत अंधारातून वाकून निघून जाणारी माणसे नटांना आणि शेजाऱ्यांना असभ्य वाटतात. त्यांतली काही असभ्य असतीलही. उरलेल्यांनी त्या नाटकाचा शेवट कधीच पाहिलेला नसतो. आणि गंमत अशी की बोहाड्यात पहाटेपर्यंत जागून महिषासुर पडलेला पाहिल्याशिवाय न उठणारा माणूस तोच असू शकतो. एकेकाळी रात्र रात्र चालणारे पाच अंकी संगीत नाटक तीन अंकांवर आणि मग दोन अंकांवर आले, याची कारणे आपण आशयाच्या घट्टपणात, चित्रपटाच्या आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत शोधतो. उपनगरी रेल्वेच्या वेळापत्रकाचा त्यात काही वाटा असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. मुंबईचे नाटक शेवटच्या गाडीच्या आत संपायला शिकले. फक्त ती शेवटची गाडी कल्याणपर्यंतचीच धरली.

या प्रेक्षकाची नाट्यगृहातली वागणूक हाही तक्रारीचा विषय असतो. २०१९ साली मोबाइलच्या आवाजामुळे चालू प्रयोग थांबवण्याची वेळ काही नटांवर आली आणि प्रेक्षकांच्या शिस्तीची चर्चा जोरात झाली. मोबाइल वाजणे हे विघ्नच. नाट्यशास्त्राच्या यादीत साप आणि मुंग्यांच्या शेजारी त्याला खुशाल बसवावे. पण त्या चर्चेत मोबाइलबरोबर कुजबूज, मध्येच दिलेली दाद, पोराला पाजणारी आई या साऱ्यांनाच एका तराजूत घातले गेले. अंधारात मूक बसणे ही आपल्याकडे नाट्यगृहाच्या खुर्च्यांबरोबर आलेली, तुलनेने अलीकडची रीत आहे. उघड्या माळावरचा प्रेक्षक बोलतो, कारण तिथे बोलणे हा पाहण्याचाच भाग आहे. बतावणीतला सोंगाड्या त्याच्या बोलण्यावरच कोटी करतो. ‘वस्त्रहरण’चे हजारो प्रयोग झाले ते ही गोष्ट गंगाराम गवाणकरांनी आणि मच्छिंद्र कांबळींनी ओळखली म्हणून. गावात बसवलेल्या द्रौपदी वस्त्रहरणाच्या नाटकाचा विचका हा त्याचा विषय. पण तो विचका पाहताना प्रेक्षकाला आपल्या जत्रेतला आपणच सापडतो. ते मालवणी नाटक मालवणी न येणाऱ्या कुणब्या-आगऱ्यांनाही आपले वाटावे याचे कारण बोलीत नाही, बसण्याच्या त्या ओळखीच्या पद्धतीत आहे.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या जातीचे आहे. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई या दोघीच रंगमंचावर असतात. शहरी समीक्षेने त्याचे स्त्रीवादी वाचन केले आणि ते योग्यच होते. सप्ताहातली कीर्तने वर्षानुवर्षे ऐकलेल्या प्रेक्षकाला मात्र ते नाटक निराळ्या दाराने भेटते. आवली त्याला कीर्तनातून आधीच भेटलेली असते: तापट, करवादणारी, बुवांनी हशा पिकवायला वापरलेली. नाटकात ती बोलू लागते तेव्हा या प्रेक्षकाला एक जुना निकाल फिरवावा लागतो. कथा ठाऊक असणे हे त्याच्या बाजूने काम करते. ज्याने ती चेष्टा कधी ऐकलीच नाही त्याला तिची भरपाई कशी कळावी? माळावर किंवा सप्ताहात तयार झालेली नजर नाट्यगृहात आली की कमी पडते, हा समज या एका नाटकापुरता तरी उलटा ठरतो.

मग इथे स्वतःची व्यावसायिक रंगभूमी का उभी राहिली नाही, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटके होतात. वडसा-देसाईगंजला कंपन्यांची कार्यालये आहेत, तिकीट काढून माणसे रात्रभर नाटक पाहतात. तिथलाही प्रेक्षक धानशेतीचाच आणि जंगलाच्या कडेचाच. फरक असा की झाडीपट्टीपासून मुंबई फार दूर आहे आणि शहापूर-मुरबाडपासून फार जवळ. लांबच्याला आपले आपण उभारावे लागले. जवळच्याला वाटत राहिले की आज ना उद्या कल्याणचे नाटक इकडे येईल. ज्याला गाता-नाचता येत होते तो गाडीत बसून ठाण्या-मुंबईला गेला, आणि ज्याला पाहायचे होते तो वाट पाहत राहिला. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याला तर वाट पाहायलाही उसंत नसते. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडी परतते. यात्रांचा हंगाम नेमका तोच. शिमग्याला चार दिवस गाव गाठता आले तर त्याचे भाग्य.

आता जे उरले आहे तेही घड्याळाने बांधले गेले आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हेतूविषयी वाद नाही. कर्ण्यांचा आणि डीजेंचा जाच गावांनीही सोसला आहे. पण त्याच नियमांत बंदिस्त सभागृहांना सूट आहे. म्हणजे कल्याणच्या नाट्यगृहात दुसरा अंक साडेदहाला रंगात येऊ शकतो, आणि म्हशाच्या माळावर त्या वेळी गौळणही आटोपलेली नसली तरी कर्णा बंद करायचा असतो. रात्रभराच्या रचनेला दहाची वेळ लावली की पहिला बळी वगाचा जातो. गण, गौळण, चार फर्माईशीची गाणी, संपले. वग गेला की सोंगाड्याचे काम उरत नाही, आणि ज्याच्यावर हा प्रेक्षक मत देत होता तीच गोष्ट नाहीशी होते. गाणीच ऐकायची तर ऑर्केस्ट्रा स्वस्त पडतो, असा हिशेब जत्रेच्या कमिट्या करू लागल्या तर त्यांना दोष कसा द्यावा? कोरोनाच्या काळात जत्रा बंद राहिल्या तेव्हा फडमालक कर्जात बुडाले, त्याच्या बातम्या झाल्या, मदतीच्या मागण्या झाल्या. त्या हंगामांत प्रेक्षकाची सवय तुटली, तिची नोंद कुठेच झाली नाही.

फडांची, कलावंतांची, संहितांची नोंद निदान सुरू आहे. रुस्तुम अचलखांब, प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पाहणाऱ्याची नोंद करायची तर ती आत्ताच करावी लागेल, कारण वगाची पूर्ण रात्र पाहिलेले, एकाच रावणाच्या तीन पिढ्यांची चाल डोळ्यांत साठवलेले लोक आता सत्तरीपुढचे आहेत. बोहाड्यात हल्ली मशालीबरोबर मोबाइलचे दिवेही पेटतात आणि सोंग समोरून गेले की दहा ठिकाणी त्याचे चित्रीकरण झालेले असते. त्या चित्रीकरणात मुखवटा स्वच्छ दिसतो, संबळही ऐकू येते. कॅमेरा सोंगावर असतो, त्यामुळे दुतर्फा बसलेली माणसे त्यात येत नाहीत. आली तरी त्यांच्या पाठी दिसतात. आणि रावण वळून परत निघाला की त्यांतला एखादा म्हातारा शेजाऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणतो, ते संबळाच्या आवाजात बुडून जाते.